‘अतिशय आशावादी’ लिहा

...नाही, तुम्हीच मला सांगा, ज्या माणसाच्या दुकानातून अख्ख्या महिन्यात दोन उशा विकल्या गेल्या, दोन! त्याही एकाच बाईनं घेतल्या, आणि त्यातली एक ‘टणक आहे’ म्हणून परत आणून आपटली, त्या माणसाला कुणी विचारलं, पुढच्या वर्षी कामगार वाढवणार का, तर त्यानं काय म्हणावं? हो म्हणावं? आमचे हे ‘हो’ म्हणाले! आणि कुणाला म्हणाले, तर लिहून घेणाऱ्या मुलीला! म्हणजे नुसतं बोलून गेले असते तर वाऱ्यावर गेलं असतं हो, पण हे छापून आलं!

थांबा, पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल बाई उगाच नवऱ्याच्या नावानं खडे फोडतेय.

आमचं गाद्यांचं दुकान. कापसाच्या गाद्या. कापूस पिंजायचा, मशीनवर शिवलेल्या खोळीत भरायचा, काठीनं सारखा करायचा आणि दाभणानं टाके घालायचे. एकतीस वर्षं. दुकानात मालक एक, ते हे. आणि कामगार एक, ती मी. पगार? अहो, पगार विचारायची सोय असती तर मी बायको कशाला झाले असते, कामगारच नसते का झाले! बरं, धंदा चालेना म्हणावं तर नुसतं तेवढंच नाही. एकतीस वर्षांत जेवढा कापूस गाद्यांत गेला, तेवढाच ह्यांच्या छातीतही गेला. खोकायला लागले की वाटतं आतून कुणीतरी उशी झटकतंय. डॉक्टर म्हणाले, ‘एकतर कापूस सोडा, नाहीतर श्वास सोडा.’ हे काय म्हणाले माहितीये? म्हणाले, ‘डॉक्टर, एवढं एक वर्ष. पुढचं वर्ष आपलं.’

पुढचं वर्ष आपलं! लग्नात मी ह्यांचं पहिलं वाक्य ऐकलं ते हे. ह्या वर्षाचं कधी कुणी नावच घेतलं नाही आमच्या घरात. हे वर्ष नेहमी दुसऱ्याचं.

तर माझा धाकटा भाऊ, तो एका मोठ्या गोदामात वरच्या जागेवर आहे. त्याला मी तीन महिने रोज फोन करून पिडलं. शेवटी त्यानं ह्यांच्यासाठी काम बघितलं. आत काय आलं, बाहेर काय गेलं, नोंद ठेवायची. टेबल, खुर्ची, डोक्यावर पंखा, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तिथं कापूस नाही! सोमवारी हजर व्हायचं. आणि तुम्हाला सांगते, हे तयार झाले होते! आढेवेढे घेतले, दोन दिवस जेवले नाहीत, पण तयार झाले. मी नवा डबा आणला, दोन शर्टांना इस्त्री करून ठेवली. शुक्रवारी रात्री गल्लीतल्या दुकानदारांना सांगू, शनिवारी आवरू, रविवारी विश्रांती, सोमवारी नोकरी. असं माझं सगळं बोटांवर मोजून झालं होतं.

आणि शुक्रवारी दुपारी ती मुलगी आली.

डोक्यावर टोपी, हातात ती काचेची पाटी, बोटानं लिहायची. आमच्या गल्लीत चार दुकानं समोरासमोर. आम्ही, घड्याळवाले काका, पार्लरवाली आणि झेरॉक्सवाला. गल्लीत अनोळखी पाऊल वाजलं की गिऱ्हाईक आलं म्हणून चौघंही एकदम दारात! तशी चौघं दारात आली, आणि मुलगी मधोमध उभी राहून म्हणते कशी, ‘नमस्कार, आम्ही छोट्या व्यावसायिकांची पाहणी करतोय. येत्या वर्षाबद्दल तुम्हाला काय वाटतं? चार पर्याय आहेत. अतिशय आशावादी, आशावादी, सांगता येत नाही आणि निराशावादी.’

आता हे काय चौघांत उभं करून विचारायचं असतं का? मला सांगा, डॉक्टर तरी असं करतो का? सगळ्यांना रांगेत उभं करून ‘बोला, कुणाकुणाला मूळव्याध आहे?’

पहिले घड्याळवाले काका. डोळ्याला भिंग तसंच चिकटलेलं. म्हणाले, ‘पुढचं वर्ष? अहो, मला दोन हात पुरणार नाहीत! लिहा, अतिशय आशावादी.’ पार्लरवाली म्हणाली, ‘मी तर दोन खुर्च्या वाढवतेय बाई.’ झेरॉक्सवाला म्हणाला, ‘रंगीत मशीन बघून आलोय, फक्त दाराचं माप घ्यायचंय.’

मी मागून ह्यांच्याकडे बघतेय. आधी मान खाली होती. काका बोलले तशी बोटभर वर आली. पार्लरवाली बोलली, आणखी बोटभर. झेरॉक्सवाल्यापर्यंत हे ताठ! मी खुणा करतेय, मान हलवतेय, काठी आपटतेय... छे! ‘आमचंही,’ म्हणाले, ‘अतिशय आशावादी लिहा.’

‘कामगार वाढवणार का?’ मुलीनं ह्यांना विचारलं.

‘एक तरी लागेलच.’

एक तरी लागेलच! मी आत जाऊन कापसाच्या ढिगावर बसले, अक्षरशः बसले. संध्याकाळी ह्यांनी स्वतः माझ्या भावाला फोन केला. मला इकडे ऐकू येतंय, तो बिचारा ओरडतोय, ‘भावजी, अहो माझी अब्रू जाईल, जागा अडवून ठेवलीय मी!’ आणि हे शांतपणे सांगतायत, ‘अरे, सगळी गल्ली उभारी धरतेय आणि मी एकटा पळून जाऊ? बरं दिसतं का ते? पुढचं वर्ष आपलं.’ भावानं नंतर मला फोन केला. एकच वाक्य बोलला. ‘ताई, आता मला सांगू नकोस.’

मग महिन्याभरात पेपरात आलं. ‘छोट्या व्यावसायिकांत उत्साह, दहापैकी नऊ जण आशावादी.’ ह्यांनी ते कापून भिंतीला चिकटवलं. रोज सकाळी वाचायचे. मी पण वाचायचे, पण मला तो दहावा कोण ते हवं होतं. तो जो कुणी दहावा आहे ना, त्याला एकदा घरी बोलवून चहा पाजावा अशी माझी फार इच्छा होती. त्याची बायको किती सुखात असेल!

नवं वर्ष लागलं. दुसऱ्याच महिन्यात पार्लरवालीच्या दारात टेम्पो. मला वाटलं, आल्या खुर्च्या! बघते तर खुर्च्या बाहेर चालल्यात. मी म्हटलं, ‘अगं, दोन वाढवणार होतीस ना?’ तर ती माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘वहिनी, त्या दिवशीच विकल्या होत्या. न्यायला यायचे तेवढे बाकी होते.’ ह्यांना सांगितलं तर म्हणतात, ‘वाईट झालं. पण एक आहे, आता तिचं गिऱ्हाईक आपल्याकडे वळेल.’ तिचं गिऱ्हाईक! म्हणजे काय, बायका आमच्या गादीवर बसून भुवया कोरून घेणार?

झेरॉक्सवाल्याचं रंगीत मशीन काही आलं नाही, काळं होतं तेही गेलं. तो आता घरोघरी पार्सलं पोचवतो. आणि तुम्हाला सांगते, पोरगा आमच्या गल्लीत पहिलं पार्सल घेऊन आला ते काय असावं? गादी! ती नाही का, खोक्यात गुंडाळून येते, फोमची! आमच्याच डोक्यावर, तिसऱ्या मजल्यावर! एकट्याला उचलेना. मग कोण गेलं हात द्यायला? हेच! स्वतःच्या धंद्याची तिरडी स्वतःच्या खांद्यावर, तीन जिने, मध्ये चारदा खोकून! वर गेल्यावर त्या लोकांनी खोकं फोडलं, प्लास्टिक कापलं, आणि ती गादी म्हणे सुस्कारा टाकत आपोआप फुगली. हे खाली आले, दिवसभर दाभणाला हात लावला नाही. मला वाटलं, लागलं एकदाचं मनाला. संध्याकाळी शटर ओढताना म्हणतात, ‘शिवण हातानं चाचपली मी. चांगली आहे. पण वर्षभरात मध्ये खड्डा पडेल बघ. मग येतील आपल्याकडेच. पुढचं वर्ष आपलं.’

राहिली दोन दुकानं. आम्ही आणि घड्याळवाले काका. म्हणजे बघा, गल्लीतले आता शंभर टक्के व्यावसायिक अतिशय आशावादी!

काकांच्या दुकानात पन्नासएक घड्याळं. त्या सगळ्यांची टिकटिक आमच्या दुकानापर्यंत यायची. मला तर एकतीस वर्षांत ती ऐकू येईनाशी झाली होती. एक दिवस सकाळी हे दाभण हातात धरून थांबले. म्हणाले, ‘गल्ली गप्प का आहे गं?’ आणि तसेच धावले. शटर अर्धवट वर. काका आत जमिनीवर, भिंग डोळ्यालाच.

इस्पितळात चार दिवस होते. तिसऱ्या दिवशी बोलायला लागले. मी पायाशी उभी होते, त्यामुळे सगळं माझ्यासमोर झालं. काकांनी विचारलं, ‘धंदा कसा आहे?’ हे म्हणाले, ‘उत्तम!’

‘अहो, मला नाकात नळी घातलीय. आता तरी खरं बोला.’

ह्यांनी खाली बघितलं. मग म्हणाले, ‘नाही चालत, काका. पण तुम्ही त्या दिवशी म्हणालात, दोन हात पुरणार नाहीत...’

‘मग काय सांगू त्या पोरीला? की आत टिकटिकतात ती घड्याळं लोकांनी दुरुस्तीला टाकली आणि नेलीच नाहीत? मी सकाळी येतो, सगळ्यांना किल्ली देतो. दुकान चालू आहे असं वाटावं म्हणून. दुसरं काम नाही मला. मी तर त्या महिन्याअखेर सोडणारच होतो. लेकीनं खोली तयार करून ठेवली होती माझ्यासाठी.’

‘मग गेला का नाहीत?’

‘तुमच्यामुळे! तुम्ही म्हणालात, नवा माणूस ठेवतोय. मी म्हटलं, गादीवाला थांबतोय म्हणजे त्याला काहीतरी दिसत असेल.’

हे म्हणाले, ‘मला काय दिसणार, काका? मी तुमच्याकडे बघत होतो.’

आणि तुम्हाला सांगते, दोघं हसले हो! आधी काका, मग हे. ते नळीसकट हसतायत, हे खोकत हसतायत, नर्स धावत आली, ‘आजोबा, हसायचं नाही!’ म्हणून ओरडली. मी बाहेर येऊन भिंतीला टेकून उभी राहिले. मला नाही हसू आलं. दुसऱ्या दिवशी पहाटे काका गेले. लेक आली, तिनं त्यांचं भिंग मागून घेतलं, घड्याळं तशीच राहिली.

त्या रात्री मी अंथरुणं घातली. मी वाट बघत होते, शपथेवर सांगते, मी चक्क वाट बघत होते की म्हणतील, पुढचं वर्ष... पण नाही. अंथरुणावर बसून राहिले आणि म्हणाले, ‘मी तुला फसवलं गं. तू डबा आणला होतास.’ मी भावाला फोन केला, लाज सोडून. त्या जागेवर माणूस कधीच लागला होता.

मग आम्ही दुकान सोडलं. शिलाई मशीन विकलं, कापूस विकला, फळ्या विकल्या. शेवटच्या दिवशी आत चार भिंती आणि आम्ही दोघं. मी केर काढतेय, हे किल्ली हातात घेऊन उभे. आणि दारात एक बाई! सोबत तरणी लेक. म्हणते, ‘गादी हवी होती. कापसाचीच. त्या खोक्यातल्या गादीवर हिची पाठ धरलीय.’

सात आठवड्यांतलं पहिलं गिऱ्हाईक! मी झाडू आपटून खुणावतेय, नाही म्हणा, नाही म्हणा! बाईनं रिकामं दुकान बघितलं, विचारलं, ‘रंगवायला काढलंय का?’

‘हो,’ हे म्हणाले, ‘जरा वाढवतोय. आठ दिवसांनी मिळेल.’

मशीन नाही, दुकान नाही! घरी शिवली, हातानं. आमचं घर म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकघर. खोलीत गादी पसरली की पाय ठेवायला जागा नाही. ह्यांना सुईच्या नाकात दोरा दिसत नाही, तो मी ओवायचा. चहात कापूस, कानात कापूस, रात्री आम्ही ओट्याखाली चटईवर. आठ दिवस! हे तोंडाला फडकं बांधून खोकतायत आणि टाके घालतायत, मी ओरडतेय आणि दोरा ओवतेय. गादी गेली. मी म्हटलं, सुटले. तर त्या बाईच्या बहिणीच्या दोन गाद्या आल्या!

काल रात्री तिसरी पुरी झाली. हे भुवईवरचा कापूस काढत बसले होते. हळूच म्हणाले, ‘जिन्याखालची खोली रिकामी आहे म्हणे.’

मी तोंड उघडलं. म्हटलं आज बोलायचंच, एकतीस वर्षांचं सगळं बोलायचं, छातीचं, डॉक्टरांचं, भावाचं, काकांचं... श्वास घेतला, कंबर कसली, आणि तुम्हाला काय सांगू, तोंडातून निघालं काय...

‘खिडकी आहे का हो तिला?’