नवरदेवाची बोट मागच्या गिअरमध्ये आल्याबाबत

मी, वैजयंती त्रिंबक सुरवसे, वय २४ वर्षे, धंदा बोट चालवणे व दुरुस्त करणे, राहणार चिंचवस्ती, उजनी धरणाकाठ, तालुका माढा, जिल्हा सोलापूर, पोलीस दूरक्षेत्रात समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की, वरील ठिकाणी मी वडील त्रिंबक, आई बजाबाई व मामा धोंडीराम यांच्यासोबत राहते. आज माझे लग्न आहे. अजून लागलेले नाही. अंगाला हळद व कपाळाला मुंडावळ्या असतानाच जबाब देत असल्याने मला मधूनमधून हसू येत आहे, त्याचा वेगळा अर्थ काढू नये.

आमची एक मोटारबोट आहे. हिवाळ्यात रोहित पक्षी बघायला येणाऱ्यांना फिरवतो, एरवी माणसे व मोटारसायकली पलीकडच्या काठाला पोहोचवतो. इंजिन बोटीच्या आत आहे. गिअर व पंखा मागे पाण्यात लोंबतो, त्याला आम्ही शेपूट म्हणतो. शेपटाचे तेल तपासणे व बदलणे हे काम माझ्याकडे आहे, कारण वडिलांना विचारले तर ते नेहमी 'चालतंय की' म्हणतात.

नियोजित वर अभिमन्यू ननवरे हे पलीकडच्या काठावर केळीची शेती करतात. गेल्या वर्षी ते आमच्या बोटीने वारंवार अलीकडे येत असत. त्यांना आमच्या काठाला काहीच काम नव्हते हे मला बरेच उशिरा कळले. त्याआधी आलेली स्थळे मी नाकारली होती, हे खरे आहे. कारण विचारल्यावरून सांगते की, ती माणसे बोटीत बसली की दोन्ही हातांनी बोटीची कड धरून बसत. अभिमन्यू यांच्याबाबत तसे काही घडले नाही. पुढे दोन्ही घरांत रीतसर बोलणी होऊन लग्न ठरले.

आज सकाळी बोट नवरदेवाला आणायला जायची होती म्हणून ती काठावर ओढून मी शेपटाचे तेल पाहिले. ते ताकासारखे पांढरट निघाले, म्हणजे आत पाणी शिरले होते. अशा तेलावर एवढी माणसे आणणे बरोबर नाही, म्हणून खालचा व वरचा असे दोन्ही बोल्ट काढून मी ते सगळे तेल काढून टाकले व बोल्टची झिजलेली वायसरे बदलली. नवीन तेल भरणार तोच घरातल्या बायका आल्या आणि त्यांनी मला तिथेच हळद लावली. आमच्यात हळद लागलेल्या नवरीला पाण्याजवळ थांबू देत नाहीत. मी एवढे तेल भरून येते म्हणून हात जोडले, पण शेजारच्या नागव्वा मावशींनी दंडाला धरून घरात नेले.

राहिलेले काम मामांकडे गेले. मामा ट्रॅक्टरचे नावाजलेले मिस्त्री आहेत. तेल खालच्या भोकातून पंपाने चढवायचे, वरच्या भोकातून बुडबुडे थांबून नुसते तेल आले की भरले, असे मी दारातून ओरडून सांगितले. मामांनी मान हलवली. पण ट्रॅक्टरला तेल वरून ओततात, म्हणून त्यांनी खालचा बोल्ट घट्ट करून वरूनच ओतले. हवा आत कोंडली आणि तेल लगेच वर आले. डबा निम्म्याहून जास्त उरला. मामा खुशीत येऊन म्हणाले की तू आजवर तेल वाया घालवत होतीस. शेपूट निम्मेही भरलेले नाही, हे एरवी मी तिथेच ओळखले असते. आज माझे चित्त थाऱ्यावर नव्हते.

वडील, म्हणजे आबा, बोट घेऊन गेले आणि नवरदेव, वऱ्हाड व बँड घेऊन निघाले. मी गच्चीवरून पाहत होते. मध्यावर आल्यावर इंजिनाचा आवाज चढला आणि बोट आहे तिथेच राहिली. तेल कमी पडून पुढचा गिअर धरत नाही हे मी आवाजावरून ओळखले. वडिलांना फोन लावला, तो अभिमन्यू यांनी उचलला व सगळ्यांना ऐकू जाईल असा ठेवला. हे मला नंतर कळले.

ते म्हणाले, "इंजिन नुसतं वरडतंय, बोट हलंना. काय करू?"

मी म्हणाले, "आबांना म्हणावं मागचा गिअर टाका, अन् तसंच हळू या."

"उलटं येऊ? लगनाला?"

"कसंबी या, पण या."

यावर ते हसले. मीही हसले. लग्न पाण्यात अडकलेले असताना मला एवढा आनंद कशाचा झाला, हे मला सांगता येत नाही.

बोट मागे मागे येऊ लागली. मागच्या बाजूला बँडवाले बसलेले असल्याने सगळे पाणी त्यांच्या अंगावर उडत होते, पण त्यांनी वाजवणे थांबवले नाही. मानाची मंडळी पुढच्या टोकाला होती, ती आता शेवटी आली आणि तीही स्वतःच्या गावाकडे तोंड करून. आई ताट घेऊन गुडघाभर पाण्यात उभी होती. जो पहिला समोर आला त्याला तिने गडबडीत ओवाळले. तो ढोलवाला होता. त्यानेही नाही म्हटले नाही.

नवरदेवाचे चुलते शहाजी ननवरे यांना हा अपमान वाटला. पोरीने आधी स्थळे मोडली, आज सकाळी तिनेच बोटीचे तेल काढले, तिला हे लग्न मोडायचे आहे, अशी तक्रार त्यांनी येथे येऊन दिली. तेल मीच काढले, हे मी नाकारत नाही. मामांचा हेतू वाईट नव्हता. ते बाहेर पायरीवर बसून आहेत, त्यांना कोणी पाणी द्यावे.

दुपारचा मुहूर्त टळला आहे. संध्याकाळी गोरज आहे, त्यानंतर या महिन्यात नाही, असे गुरुजी म्हणतात. मुलीने लग्नाला राजी असल्याचे सगळ्यांसमोर स्वतःच्या तोंडाने सांगितले तर तक्रार मागे घेऊन मीच अक्षता वाटतो, असे शहाजीकाकांनी हवालदार साहेबांना सांगितले आहे. त्यावरून साहेबांनी मला लग्नाबाबत विचारले व मी उत्तर दिले. मुलीची या लग्नास हरकत नाही.

वरील जबाब दार उघडे ठेवून, बाहेर उभ्या दोन्हीकडच्या मंडळींना ऐकू जाईल असा मोठ्याने वाचला गेला. तो मी सांगितला तसाच उतरला आहे, शेवटची एक ओळ सोडून. हरकत नाही असे मी म्हणालेच नव्हते. मला हे लग्न लई हवं हाय, असे मी म्हणाले होते. साहेबांनी ती ओळ खोडून तसे लिहावे, म्हणजे मी सही करते.