ज्येष्ठमधाचं पातेलं

आई : तो पेला ठेव खाली. यांचा आहे.

मुलगी : नुसता चाखला गं. केवढं गोड! साखर घातलीस?

आई : कणभरही नाही. ज्येष्ठमधच गोड असतो. आवाज बसला तेव्हापासून देतेय. घशाला ताण नको म्हणून हाकही मारत नाहीत आता. खाटेच्या दांडीवर चमचा वाजवतात, टिंग टिंग. की मी निघाले पेला घेऊन.

मुलगी : अगं, आवाज बसून किती महिने झाले! अजून देतेस?

आई : झाडाचं मूळ ते. त्याने काय वाईट होणार?

मुलगी : पातेलं एवढं काळं कशाने?

आई : चोथा टाकत नाही मी. कालच्यावरच आजची मूठ घालायची नि पाणी वाढवायचं. माझी आई काही म्हणून वाया जाऊ द्यायची नाही.

मुलगी : म्हणजे रोज आणखी दाट होत गेलंय. आई, बाबांचे पाय बघितलेस? मघाशी दाबले तर बोटाचा खड्डा पडला, भरेचना. सदऱ्याचं बटण लावता येईना त्यांना.

आई : वय झालं, बाई. अंगात जीव यावा म्हणूनच तर दोन पेले वाढवलेत.

मुलगी : वाढवलेस? गॅस बंद कर आधी.

आई : का म्हणून?

(मुलगी फोन घेऊन अंगणात जाते, थोड्या वेळाने परत येते.)

मुलगी : अंगणातून डॉक्टरांना फोन केला मी. ज्येष्ठमध म्हटलं नि किती महिने, तेच आधी विचारलं त्यांनी. घशाला चार दिवस ठीक, म्हणाले. पण महिनोन्‌महिने घेतला की अंगात पाणी साठतं, रक्तदाब चढतो, रक्तातले क्षार कमी होतात. बाबांची ती लघवी होण्याची गोळीही क्षारच काढते. मग हातापायांतलं बळ जातं आणि काळीज ठोके चुकायला लागतं. दवाखान्याची गाडी पाठवतायत ते.

आई : गाडी? आपल्या घरी?

मुलगी : हो.

आई : जन्मभर माझ्या हातच्या घासाला नावं ठेवली या माणसाने. ह्या काढ्याला पहिल्यांदा म्हणाले, "अजून आहे का गं?" आणि तू मला सांगतेस, मी विष पाजलं?

मुलगी : विष नाही म्हणत गं मी. तुला कुठे ठाऊक होतं? पण आज दिलास का, ते सांग.

आई : उठल्या उठल्या. तळचा, दाट. छातीत फडफडतंय म्हणाले, म्हणून जरा मोठा पेला दिला.

(आतल्या खोलीतून धातूचा आवाज.)

आई : ऐकलंस? बोलावलं त्यांनी. बाजूला हो, नेऊन देते.

मुलगी : राहू दे तो पेला. आई, चमचा वाजवला नाही त्यांनी. हातातून पडला.