मांडीखालचा घोडा

नारिनच्या बसस्टँडवर रांगेत माझ्या मागे दोघी म्हाताऱ्या बोलत होत्या.

"सायकालएजे, तुमचा नातू एल्दियार घोड्यावरच्या खेळात मेलेलं बकरं पळवून गोल करणारा गडी. तो बॉक्सिंगमध्ये काय दिवे लावणार?"

"घोडा लंगडा झाला, मग पोरानं घरी बसावं? बॉक्सिंगचे वस्ताद म्हणाले, ही लढत जिंकलास तर ठेवतो, नाहीतर जा मेंढ्या राखायला."

"मग राखतोय ना मेंढ्या?"

"ऐक तर! काल घंटा झाली, तशी यानं सवयीनं समोरच्याला बकऱ्यासारखं काखोटीला मारलं आणि गोल करायला कोपऱ्यात नेऊन टाकलं."

"अगं बाई!"

"पंच म्हणाला, पुन्हा उचललंस तर बाहेर. मग काय, खातोय आपला ठोसे! शेवटी मीच ओरडले, 'बाळा, मांडीखाली घोडा आहे समज!' त्यानं मांड्या आवळल्या. समोरचा मारून मारून दमला, आमचा जागचा हलेना. मग यानं एकच ठेवून दिला! तो पोरगा उडाला, तो थेट माझ्या मांडीवर येऊन बसला."

"थापा!"

"वस्तादांनाच विचार की. ते बघ, पुढे उभे आहेत. आमच्या गावी निघालेत, आणखी घोडेस्वार शोधायला."

"अहो वस्ताद! इकडे बघा! मलाही नातू आहेत, सगळे घोड्यावरच वाढलेत!"