पिल्लाचं खानदान

आमचे बाबा कसे आहेत, माहीतच आहे तुम्हाला. पाहुणा टेकला रे टेकला की खापरपणजोबांची सुभेदारी सुरू! परवा आम्ही लॅब्राडॉरचं पिल्लू आणलं, तर बाबा चष्मा लावून त्याच्यासोबत आलेल्या कागदावरची वंशावळच वाचायला बसले.

मी सांगितलं, "यात कुत्र्याच्या नावाच्या आधी किताब असला तर सहसा तो शोमध्ये जिंकलेला. नावानंतर असला तर कामाच्या परीक्षेत पास झालेला."

"अच्छा! आन् आपल्या पिल्लाला कोणता?"

"कोणताच नाही. हे सगळे त्याच्या आजा-पणजांचे."

"म्हणजे यानं स्वतः काहीच नाही केलं? नुसता पणजोबाच्या नावावर मिरवून राहिला!"

आईनं शांतपणे त्यांच्यापुढे चहा ठेवला. "चलो, आपल्याच खानदानातला निघाला."