मागे ठेवायचं विरजण

नाही नाही, एवढी घाई नको जावईबापू, त्या बाई आल्या की मी निघालोच – बसा तुम्ही, त्या स्टुलावर नको, त्याचा एक पाय डुगडुगतो, ह्या पिंपावर बसा, रिकामं आहे, घाबरू नका. गाडी चालवायचीय, ठाऊक आहे मला, म्हणून तर हे एवढेसे ग्लास काढले – एकेक घोट घ्यायचा, तोंडात घोळवायचा आणि ह्या बादलीत टाकून द्यायचा. सासऱ्यासमोर चूळ भरली तरी चालते अशी ही जगातली एकच बैठक. हं, हा पहिला. थांबा, लगेच पिऊ नका – आधी नाक घाला ग्लासात. काय येतंय? गवत? बरोबर! नुकतं कापलेलं गवत, आणि त्याच्यामागे लिंबाची साल. बघा, तुमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली आणि आपण दोघं आज पहिल्यांदा हवापाण्याखेरीज काही बोलतोय.

हिचं नाव 'मेहुणी'. तुमच्या सासूबाईंनी ठेवलेलं – तिच्या सगळ्या बिअरना नात्यांचीच नावं, फळ्यावर लिहिलीत बघा, अक्षर तिचंच आहे, मी पुसत नाही. मेहुणी हलकी, जराशी आंबट, थट्टेखोर. ती काळी आहे ती 'थोरली जाऊ' – जळलेल्या कॉफीसारखी, सगळ्यांवर करडी नजर. आणि ही तांबूस ती 'सासूबाई' – आधी कडू लागते, घशाखाली उतरली की गोडवा मागे राहतो. 'जावई'सुद्धा होती. विचारू नका. बरं, सांगतो – ग्लासात ओतली की फेस टोपीसारखा वर, आणि फेस बसला की खाली दोन बोटं बिअर! तुमचं लग्न ठरलं त्या आठवड्यात केली होती. हसा, हसा. तुम्हाला पाजलीही होती तिनं, आणि तुम्ही 'छान आहे' म्हणालात – आत जाऊन तोंडात पदर कोंबून हसली होती.

मी? मी कुठला बिअरवाला. मी नगरपालिकेत गटारांचे नकाशे काढायचो. बिअर म्हणजे मोठ्या कंपनीची पिवळी बाटली, चव कळू नये इतकी गार – एवढंच ठाऊक. मग एका सुट्टीत, गाडी बंद पडली म्हणून, आम्ही दोघं एका जुन्या तबेल्यात शिरलो. पाटी नाही, काही नाही. मालक दातांचा डॉक्टर, शनिवार-रविवार बिअर करायचा, घोड्यांच्या जागी टाक्या. तिनं एक घोट घेतला, डोळे मिटले आणि ग्लास माझ्यापुढे धरून म्हणाली, ह्यात पिकलेलं पेर आहे. मी म्हटलं, ह्यात गार पाणी आहे. ती म्हणाली, नीट बघ. नीट बघ म्हणाली, पी नाही म्हणाली – आणि होतं हो, होतं पेर! मग काय, लोक सुट्टीत समुद्र बघतात, आम्ही लोकांची गॅरेजं बघत हिंडलो. एका ठिकाणी बंद पडलेल्या लाँड्रीत, एका ठिकाणी शाळेच्या जुन्या प्रयोगशाळेत. दोन बहिणी होत्या एके ठिकाणी, एकमेकींशी अबोला, मधे खडूची रेघ, रेघेच्या अलीकडे एकीच्या टाक्या, पलीकडे दुसरीच्या – एकीची चाखली की दुसरीचीही चाखायलाच लागायची, नाहीतर ती फुगून बसायची. कुणाला अक्रोडाचा वास साधलेला, कुणाला नुसता धुराचा. दर वेळी वाटायचं, आता नवं काय असणार, आणि दर वेळी काहीतरी निघायचंच. मला वाटतं माझं लग्न खरं तर तेव्हा लागलं.

पण सांगत काय होतो – हां, विरजण. तबेल्यातून निघताना तिनं एक बाटली विकत घेतली. घरी आल्यावर बिअर मला दिली आणि तळाचा गाळ स्वतः ठेवून घेतला. त्या गाळात यीस्ट असतं, जिवंत. त्याला माल्टचं, म्हणजे मोड आणून भाजलेल्या जवाचं, पाणी पाजून पाजून वाढवलं तिनं, आणि त्यावर हे सगळं उभं राहिलं. यीस्ट इतर लोक म्हणतात, आम्ही विरजणच म्हणतो, कारण रीत दह्याचीच – कालच्यातलं थोडं मागे ठेवायचं, उद्याच्याला लावायचं. बिअर तयार झाली की ते टाकीच्या तळाशी साईसारखं दाट बसतं, ते बरणीत काढून फ्रीजमध्ये ठेवायचं, आणि मरायच्या आत पुढची बिअर करायची. फार दिवस थांबत नाही ते. म्हणजे बिअर हवी म्हणून विरजण राखायचं, की विरजण मरेल म्हणून बिअर करत राहायची? मी तिला विचारायचो, ती नुसती हसायची. मला आता कळलंय उत्तर.

ती गेली तेव्हा बरणी फ्रीजमध्ये होती. लोक भेटायला येत होते, बसत होते, काही लागलं तर सांगा म्हणत होते – काय सांगणार, माल्टचं एक पोतं आणून द्या? माझं सारखं लक्ष फ्रीजकडे. तुमची बायको वर आईच्या कपाटाशी बसली होती आणि मी इथं खाली पाणी तापवत होतो. ती जिन्यात आली, मला बघितलं, आणि तशीच वर गेली. त्यानंतर ती ह्या खोलीत उतरलेली नाही. लक्षात आलंय तुमच्या?

हा घ्या, 'सासूबाई'. रोजची गिऱ्हाइकं म्हणतात, अगदी त्यांच्याच हातची. असं म्हणतात आणि माझ्याकडे बघतात, आता माझं काहीतरी चांगलं झालं असेल अशा नजरेनं. मला कधी पटतं, कधी नाही. तुम्ही तिची प्यायलायत – सांगा बरं, तीच आहे? ... नको. सांगू नका. टाका बादलीत.

तुम्हाला माझी पोर काय म्हणाली असेल ते मला ठाऊक आहे. मलाही म्हणाली. पहिलं बाळंतपण, आई नाही, निदान बाबा तरी दाराबाहेर उभे असू देत. मागे तिनं बोलावलं तेव्हा मी म्हटलं, एवढ्या बाटल्या भरून होऊ देत, मग येतो, तर म्हणाली, माझं मूल तुमच्या टाकीसाठी थांबणार नाही. बरोबर आहे तिचं. त्या बाईही तिनंच शोधल्या – डोंगरापलीकडे लहानशी ब्रुअरी आहे त्यांची, स्वभावानं चांगल्या आहेत, बोलताना हात हातात घेतात. बरणी त्या नेणार, त्यांच्याकडे वाढवणार, नावंसुद्धा तीच ठेवणार. मी मोकळा. किती विचार केलाय पोरीनं – एवढ्या पोटानं फोन करत बसली माझ्यासाठी.

येतील हो. येतील. रस्ता घाटाचा आहे... नाही, फोन नका करू त्यांना. राहू द्या ना. नका करू म्हणतो ना मी!

येऊन गेल्या त्या. सकाळीच.

बसा. असं बघू नका, बसा आधी. बरणी रिकामी होती, काय देणार त्यांना? काल दिवसभर मी माल्ट उकळत होतो – ठरवून नाही हो, खरंच सांगतो, बॅग भरायला म्हणून उठलो आणि हात आपले चालायला लागले, बर्नर पेटवला, पोतं ओढलं, झालं. सकाळी टाकी गार झाली. बरणी काढली आणि ओतली. सगळी. तिनं मला पहिल्या दिवशी काही शिकवलं असेल तर हेच, की सगळं कधी ओतायचं नाही, थोडं मागे ठेवायचं, हात सटकतो, टाकी बिघडते, काहीही होतं. मी बोटानं निपटून ओतलं. बरणी विसळून ते पाणीपण ओतलं. आता पहिले काही दिवस टाकी सोडून जाता येत नाही – तापली तर चव गेली. मग गाळ तळाशी बसेपर्यंत. मग बाटल्या भरायच्या. आणि तोवर पुन्हा बरणी भरलेली असते, आणि ती फार दिवस थांबत नाही, सांगितलं ना तुम्हाला.

हुशार आहात. मला वाटलंच होतं, तबेल्याची गोष्ट सांगितली की तुमच्या डोक्यात येणार. हो, असतं विरजण. प्रत्येक बाटलीच्या तळाशी असतं. ह्यातली कुठलीही बाटली न्यावी, गाळ राखावा, वाढवावा – तिनं केलं तसं कुणालाही करता येतं. त्या बाईही तेच म्हणाल्या. म्हणाल्या, बरणी नसली तर नसू दे, एक बाटली द्या, काका, तेवढ्यानं भागेल. एवढ्या ओळीनं बाटल्या उभ्या होत्या, मागच्या फळीवर. मी म्हटलं, विकायच्या नाहीत. माझा हात सोडला त्यांनी. तुम्ही आत्ता बघताय ना, अशाच बघत होत्या.

ती बाटली ठेवा खाली. ... जावईबापू, मी चांगल्या शब्दांत सांगतोय. ठेवा. हां.

तुमचा फोन वाजतोय. तिचाच ना? घ्या, घ्या, अशा दिवसांत वाजू देत नाहीत... नाही, मला नको, माझ्याकडे करू नका तो – काय बोलू मी? तुम्हीच बोला. म्हणावं, बाबा... म्हणावं, घाटात... नाही. खोटं नको. काय? आत्ता? कळा सुरू झाल्या?

मग उभे काय राहिलात, निघा! तिच्याजवळ कुणीतरी पाहिजे. माझ्याकडे बघत बसू नका, रस्त्याकडे बघा. दार नुसतं ओढून घ्या. कडी मी आतून लावतो.