याडीच्या थैलीवरचे शब्द

अंग्रेजी येत नाही म्हनून कोनाचं अडते, असं म्हंता ना? मंग माह्या याडीचं आयका. याडी म्हंजे आमच्या बंजाऱ्यात आई.

तांड्यावरची हापशी बंद पडली. बाया पान्यासाठी पार नाल्यावर जाऊन राह्यल्या होत्या. याडी बाजाराच्या दिवशी तालुक्याच्या ऑफिसात गेली. साहेब म्हने, "मायनर फॉल्ट आहे."

"माह्या ध्यानात नाही राहत, कागदावर लिहून द्या."

याडीले लिहिता येत नाही, पन सुई तिच्या बोटात खेळते. घरी येऊन तिनं थे अक्षरं पाहू-पाहू लाल धाग्यानं बाजाराच्या थैलीवर काढले.

दुसऱ्या बाजारी साहेब म्हने, "डॅमेज." तिसऱ्या बाजारी, "फेल." चवथ्या बाजारी थेट "कंडम"! पाहाले एक मानूस आला नाही बरं. हापशी तांड्यावर, आन बिघडून राह्यली ऑफिसात!

मी चिडलो, "याडी, कायले चकरा मारतं?"

"थैलीवर अजून जागा हाये," म्हने.

पाचव्या बाजारी भाजीवाल्यापासून ऑफिसातल्या शिपायापर्यंत सारे थैली वाचून हासून राह्यले होते. याडीनं थे साहेबाच्या टेबलावर पसरली.

"साहेब, आता कोपऱ्यात एकच शब्द मावते. एक तं 'रिपेअर' लिहून द्या, नाही तं तुमचं नाव."

साहेबानं कागद देल्लाच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच मिस्त्री धाडला.

हापशीले पानी आलं. कोपरा मात्र याडीनं कोराच ठेवला हाये. म्हने, "साहेब अजून थोच हाये ना!"