मागच्या सीटची जागा

ताई : थेंबभरही कमी झालेलं नाही. मागची टाकी जशी भरून दिली तशी परत आणलीस.

छोटी : आणि पुढची ठणठणीत कोरडी. नाक्याच्या अलीकडे गाडी बंद पडली. तिथून हँडल धरून ढकलत आणलीय मी. हात बघ माझे.

ताई : हात नंतर बघते. पुढचं झाकण उघडलं होतंस?

छोटी : नाही.

ताई : खरं सांग.

छोटी : अगं नाही! काही झालं तरी त्या झाकणाला हात लावायचा नाही, असं शंभरदा बजावलं होतंस ना?

ताई : मग झाकणच हवा घेतंय. थांब. हे बघ, रबराला चीर गेलीय. नखानं चाचपून बघ.

छोटी : एवढीशी?

ताई : एवढीशी पुरते. पुढच्या टाकीतलं पेट्रोल जळलं की तिथं रिकामी जागा होते. ती भरायला तिनं मागच्या टाकीतलं ओढून घ्यायचं, सगळी मांडणी या एका गोष्टीवर आहे. तिला दुसरीकडून हवा मिळाली तर ती मागचं कशाला ओढेल?

छोटी : म्हणजे बाहेरचा वारा लागू द्यायचा नाही.

ताई : अजिबात नाही.

छोटी : तुझ्या स्वभावाला धरून आहे सगळी योजना.

ताई : ती पक्कड दे इकडे. आणि जीभ आवर.

छोटी : डॉक्टर म्हणत होती, सरळ एक छोटा पंप बसवा. बटण दाबलं की मागचं पुढे.

ताई : अच्छा. डॉक्टर म्हणत होती.

छोटी : तिच्या गाडीला तसाच आहे.

ताई : तिला म्हणावं, तू दाढा उपट. टाक्या मी बघते. पंप म्हणे! वायर तुटली, बटण अडकलं, की बसा तुमच्या सफरीत दोघी पठारावर बोंबलत. माझ्या टाकीत मोडण्यासारखं काही नाहीच.

छोटी : चीर सोडून.

ताई : चीर तुझ्या गाडीच्या झाकणाला आहे. माझ्या टाकीला नाही. आत आडवे पत्रे घातलेत मी, वळणावर पेट्रोल हिंदकळू नये म्हणून. घातले असते का कुणी? विचार तुझ्या डॉक्टरणीला.

छोटी : तूच विचार. येईलच ती आता.

ताई : इथं? कशाला?

छोटी : टाकी बघायला. आणि किती मावतं ते मोजायला.

ताई : मोजायचं काय त्यात? पुरेल म्हणून सांगितलंय ना मी.

छोटी : तेच तर. तू ‘पुरेल’ म्हणालीस. तू, जी चहात साखर घालतानासुद्धा चमचा सपाट करतेस. आकडा विचारला की विषय बदलतेस.

ताई : कामाच्या वेळी चकाट्या नकोत म्हणून.

छोटी : तुला ती आवडत नाही.

ताई : मी तिला ओळखतही नाही. दाढ दुखते म्हणून रडत होतीस, मीच म्हटलं दाखवून ये. दाढ काढायला गेलीस आणि बहीण करून आलीस.

छोटी : मैत्रीण.

ताई : तेच ते. दर रविवारी पहाटे गाडी काढून जायचं, दुपारी लाल तोंडं करून यायचं. विचारलं की ‘मस्त होता रस्ता’. एवढंच. पूर्वी घरी आल्यावर तासभर बडबडायचीस.

छोटी : पूर्वी तू मागेच बसलेली असायचीस, ताई. तुलाच काय सांगणार होते मी रस्त्याबद्दल?

ताई : तरी सांगायचीस.

छोटी : नवं रबर आहे का तुझ्याकडे, की आणू जाऊन?

ताई : आहे. त्या डब्यात. डावीकडच्या. तुझी डावी बाजू.

छोटी : आई काल काय म्हणाली माहितेय? ‘ताईचा कमरेचा पट्टा आठवणीनं घे, पठारावर गारठा असतो, तिची पाठ धरते.’

ताई : म्हणाली असेल. वय झालं आता तिचं.

छोटी : आईला कोण म्हणालं तू येतेयस म्हणून?

ताई : मला काय माहीत! तिनंच धरलं असेल गृहीत. तू गाडीवर निघालीस म्हणजे मी आलेच. आजवर तसंच होत आलंय ना?

छोटी : ताई.

ताई : हं.

छोटी : आई म्हणाली, तूच सांगितलंस.

ताई : झाकण घट्ट होतंय बघ आता. फिरव. आणखी. बस.

डॉक्टर : आत येऊ का? बाहेर पाटी बघितली, पण दारात एवढे पत्रे उभे आहेत की दुकान चालू की बंद कळेना.

छोटी : ये, ये! ही माझी ताई.

डॉक्टर : नमस्कार, ताई.

ताई : ताई हिची मी. बसा. ते स्टूल पुसून घ्या, ग्रीस असेल.

डॉक्टर : असू दे. टाकी सुंदर झालीय हो! सांधे कुठं दिसतसुद्धा नाहीत. आम्ही एका दातावर एवढी मेहनत घेतली तर पेशंट पळून जाईल.

ताई : पत्रा पळत नाही. तेवढं एक बरं असतं.

डॉक्टर : एक विचारू? राग मानू नका. तुमचे सुळे झिजलेत. झोपेत दात खाता का?

ताई : हल्ली जागेपणीही खाते.

छोटी : ताई!

डॉक्टर : मोजायचं का? पाच-पाच लिटरच्या मापाच्या दोन कळश्या आणल्यात मी. मागचं पेट्रोल यांत काढू.

ताई : नळी मी लावते. तुम्ही कळशी सरळ धरा. सांडू नका, इथं वेल्डिंग चालतं.

छोटी : भरली. दुसरी लाव.

डॉक्टर : ही अर्धीला जरा कमी. म्हणजे साधारण सात लिटर.

छोटी : सात? ताई, सात?

ताई : सातपेक्षा थोडं जास्त आहे. तळाशी राहतं जरा.

छोटी : मला बारा हवे होते! पठारावर मध्ये पेट्रोल पंप नाही, एकही नाही. मी तुला नकाशा दाखवला होता. या कट्ट्यावर पसरून.

डॉक्टर : कॅरिअरवर एवढीच मावणार. ही टाकी खरं तर सीटवर यायला हवी होती ना? मागचा माणूस बसतो ती जागा. माझी तिथंच आहे. तिथं उंचीही मिळते, आणि वजन दोन्ही चाकांच्या मध्ये राहतं. तुला येताना पुढचं चाक हलकं नाही लागलं?

छोटी : लागलं. नाक्याच्या वळणावर. मला वाटलं माझाच भास.

डॉक्टर : भास नाही. वजन फार मागे गेलंय.

छोटी : मी सांगितलं होतं हिला, मागची सीट काढ म्हणून. ही म्हणाली, कॅरिअरवरच चांगली बसते. हिला जास्त कळतं म्हणून मी गप्प बसले.

ताई : सीट एकदा काढली की तिथल्या पट्ट्या कापाव्या लागतात. परत बसत नाही ती नीट.

छोटी : मग नको बसू दे! एक मिनिट. ही मागची पायटेकणी नवी आहेत? ताई, रबर नवं आहे यांचं. तू गाडी टाकी बसवायला घेतलीस आणि मागच्या माणसाची पायटेकणी बदललीस?

ताई : जुनी घसरत होती.

छोटी : कुणाची घसरत होती?

डॉक्टर : मी बाहेर थांबते जरा.

ताई : बसा हो. आता सगळं बघितलंच आहे तर हेही बघा. माझी घसरत होती. माझी जागा आहे ती. हिनं गाडी घेतली तेव्हापासून. पहिल्या दिवशी ही एवढी थरथरत होती की क्लच सुटेना, आणि मागे कोण बसलं होतं? दातांचं कॉलेज नव्हतं बसलेलं.

छोटी : हे बोलायचं काही कारण आहे का?

ताई : कारण विचारतेस? मीच पत्रा कापायचा, मीच वाकवायचा, मीच माझ्या जागेवर टाकी ठेवायची आणि मग दारात उभं राहून टाटा करायचा. तुमच्या दोघींना.

छोटी : मग सांगायचंस! येते म्हणायचंस.

ताई : तू विचारायचंस.

छोटी : नाही विचारलं. मुद्दाम नाही विचारलं.

ताई : हां. आता खरं आलं बाहेर.

छोटी : ऐक मग. तू मागे बसलीस की गाडी मी चालवते आणि प्रवास तू करतेस. उजवा खांदा दाबलास, थांब. डावा दाबलास, हळू. पाठीत बोट टोचलंस, पाणी पी. मला तहान लागलीय की नाही हे तू ठरवतेस, ताई! परवा मी एकटी होते, घाटात वेग वाढला, आणि माझा डावा खांदा आपोआप खाली गेला. मागे कुणी नव्हतं.

ताई : मग? हळू केलीस ना?

छोटी : केली.

ताई : बरं झालं.

छोटी : बघितलंस डॉक्टर? ही अशी आहे.

ताई : आणि ही बरोबर असली की चालतं? ही नाही का काही सांगत? मी विचारते ना तुम्हाला, रविवारभर तुम्ही दोघी करता तरी काय? कसल्या एवढ्या गप्पा असतात?

डॉक्टर : गप्पा? गप्पा नसतात.

ताई : असं कसं?

डॉक्टर : ही पुढे, मी मागे. बरंच मागे. आरशात माझा दिवा दिसला की तिला कळतं मी आहे. चहाला थांबलो तर दोन शब्द. मी दिवसभर लोकांच्या तोंडात बघते, ताई. रविवारी कुणी तोंड न उघडलेलं बरं वाटतं.

ताई : म्हणजे दिवसभर नुसता दिवा?

डॉक्टर : नुसता दिवा.

ताई : आणि यासाठी माझं मेलं डोकं उठलं होतं!

छोटी : हसू नकोस. सात लिटरचं काय करायचं ते सांग. रजा मंजूर झालीय माझी.

डॉक्टर : त्याची काळजी नको. माझ्याकडे जास्तीचं बसतं. मी एक डबा बांधून घेते, पठाराच्या मध्यावर तुझ्या गाडीत ओतू. टाकी आहे तशी राहू दे. सीटही राहील, कुणाचं मनही मोडायला नको.

छोटी : चालेल की! ताई, चालेल ना? काही कापायला नको.

ताई : नाही चालणार.

छोटी : का?

ताई : मध्यावर ओतायचं म्हणजे मध्यापर्यंत ही बरोबर हवी. ही पंक्चर झाली, ही आजारी पडली, हिला तो दिवा बंद करून दुसरीकडे वळावंसं वाटलं, तर माझी बहीण पठारावर रिकामी टाकी घेऊन हिची वाट बघत बसणार?

डॉक्टर : मी सोडून जाणार नाही तिला.

ताई : सोडून जाल म्हणत नाही मी. डबा तुमचा असणार, एवढंच म्हणतेय.

छोटी : पेट्रोल सगळीकडचं सारखंच असतं गं.

ताई : असू दे सारखं. हिच्या डब्यातलं पेट्रोल माझ्या बहिणीच्या गाडीत पडायचं नाही. तुला लागेल ते सगळं इथून, माझ्या टाकीतून न्यायचं. पूर्ण पठाराचं.

छोटी : अगं, पण त्यासाठी—

ताई : कळतंय मला कशासाठी काय लागतं. दोन नंबरचा पाना दे.

छोटी : तू सीट काढतेयस?

ताई : मग काय आरती ओवाळतेय? धर इकडून. हा बोल्ट गंजलाय, जरा तेल सोड. कॅरिअरवरची टाकी ठेवून देते, दुसऱ्या कुणाला होईल. नवी करते. या पट्ट्या कापायच्या, म्हणजे टाकी खाली बसेल.

छोटी : ताई, कापल्या की परत नाही ना बसणार सीट?

ताई : मघाशी मीच सांगितलं ते. मला परत काय सांगतेस?

छोटी : तू डॉक्टरवर जळून हे करतेयस.

ताई : हो. मग? टाकी चांगली झाल्याशी मतलब.

डॉक्टर : बारा लिटर होतील?

ताई : तेरा करते. आईला मात्र तूच सांग, छोटे. मला ते जमणार नाही.

छोटी : काय सांगू?

ताई : काहीही. पाठ धरलीय म्हण. खोटं नाहीच ते.

छोटी : मी रोज फोन करेन.

ताई : रोज नको. तेच ते सांगशील. थांबशील तिथून कर. बस गाडीवर आता. पुठ्ठा लावून साचा घ्यायचाय, तुझी पाठ कुठं येते ते बघून. अशी पाय चिकटवून नको बसू, चालवताना बसतेस तशी बस. हेल्मेट घाल. जाकीटही.

छोटी : इतकं?

ताई : जाकिटानं बोटभर फरक पडतो. वाक पुढे. जास्त. सात-आठ तास झाल्यावर कशी बसतेस, तशी. दमल्यासारखी.

छोटी : अशी?

ताई : खोटी दमू नकोस. तू दमलीस की उजवीकडे कलतेस. हां. आता हलू नको.

(पुठ्ठ्याचा आवाज.)

छोटी : झालं?

ताई : नाही. वरचं टोक सारखं सुटतंय. दोन हातांनी होत नाही हे.

डॉक्टर : मी धरू का ते टोक?

छोटी : ताई, ती विचारतेय.

ताई : ऐकू आलं. धरा. पण मी सांगेन तिथंच.